लाभ, दोन, तीन

भात मोजताना पहिल्या पायलीला आमच्या घरी कुणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... आजी मोजायला बसली की पहिल्या मापाला तिचा आवाज जरा चढायचा, मग एका लयीत उतरत जायचा. पायली लाकडी होती, काठाला लोखंडी पट्टी. आजी माप भरायची, तळहाताने वरचं भात सपाट करायची आणि मगच रिकामं करायची. मी एकदा उगाच शीग लावून पायली भरली, तर तिने माझ्या हातातून माप काढून घेतलं. म्हणाली, “शीग लावून खोताचा मानूस मोजायचा. आपन न्हाय मोजत.”

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. खोती जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी आजीच्या हातात ते माप तसंच राहिलं होतं.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं. आम्ही कुळं. पणजोबांनी खोताची जमीन कसली, आजोबांनी मुंबईला गिरणीत राहून मनिऑर्डरी पाठवल्या आणि त्यातल्या काही खोताच्या बाकीत गेल्या. घरातली मी पहिली वकील. जमिनीच्या कज्ज्यांतच बहुतेक काम करते. लॉ कॉलेजात हिंदू कायदा शिकताना तळटिपांत एक नाव वरचेवर यायचं: मंडलिक. दत्तकाचा प्रश्न असो, वाटणीचा असो, जुन्या निवाड्यांत न्यायाधीश मंडलिकांचा आधार द्यायचे. आमचे सर एकदा सहज म्हणाले, “हे रावसाहेब मंडलिक तुमच्याकडचेच हो, मुरूडचे.” मला कोण आनंद झाला! आमच्या तालुक्यातला माणूस, हायकोर्टात ज्याचं नाव प्रमाण मानलं जातं असा. मी घरी फोन करून बाबांना सांगितलं. बाबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मंडलिक म्हणजे खोतच ना?”

त्या एका वाक्याने मी पुढची वीस वर्षं या माणसाचा माग काढत आले आहे.

विश्वनाथ नारायण मंडलिक १८३३ साली मुरूडला जन्मले. मुरूड म्हणजे दापोलीजवळचं, समुद्रकाठचं. नारळी-पोफळीच्या बागा, दगडी पाखाड्या, दुर्गादेवीचं देऊळ. आज लोक तिथे सुट्टीला जातात, किनाऱ्यावर घोडागाडीत बसतात. मंडलिक तिथून निघून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, काही वर्षं सरकारी नोकरी केली, ती सोडली आणि हायकोर्टात वकिली सुरू केली. मुंबईचं हायकोर्ट तेव्हा नुकतंच, १८६२ मध्ये, उभं राहिलं होतं. १८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढलं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज गव्हर्नराने लिहिलेला हिंदुस्थानचा इतिहास त्यांनी मराठीत आणला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत पश्चिम हिंदुस्थानातल्या नागपूजेवर निबंध वाचला. मुंबईच्या म्युनिसिपालिटीत वर्षानुवर्षं बसले, तिचे अध्यक्ष झाले. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर गेले आणि १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावरही. १८८९ च्या मे महिन्यात वारले, छप्पन्न वर्षांचे होते.

छप्पन्न वर्षांत एवढं! आणि हे सगळं करणारा माणूस कोर्टात उभा राहून अशिलांची कामंही रोज चालवत होता. एक दिवाणी दावा हातात असला तर मला दुसरं काही सुचत नाही. त्यामुळे या माणसाच्या कष्टांविषयी मला वाटतो तो आदर मनापासूनचा आहे.

पण बाबांचा प्रश्न आदरापाशी थांबू देत नाही. तो कळायचा तर आधी खोत म्हणजे कोण हे सांगायला हवं. आता पुण्या-नागपूरकडच्या वाचकांना खोत म्हणजे नुसतं आडनाव वाटतं.

कोकणात, मुख्यतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत उभा होता. त्याने गावाचा सारा सरकारात भरायचा, त्यासाठी दरसाल कबुलायत लिहून द्यायची, आणि गावातल्या लोकांकडून वसूल करायचं. आदिलशाहीपासूनच्या सनदा काही घराण्यांकडे होत्या. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. गावात जे धारेकरी असत ते सरकारी धारा तेवढा देऊन मोकळे होत, त्यांची जमीन त्यांचीच. बाकीची कुळं मात्र खोताला पिकाचा वाटा देत. भाताचा अर्धा, म्हणून अर्धेल. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा, म्हणून तिर्धेल. वर वेठ. खोताच्या शेतात नांगर धरायचा, त्याचं घर शाकारायचं, त्याची पालखी उचलायची. ज्या घरात खोतीचे वाटेकरी अनेक, तिथे पाळीपाळीने एकेक जण वहिवाट बघे आणि आपल्या पाळीच्या वर्षात जे निघेल ते काढून घेई.

आणि अभावणी. हा शब्द मी आजीकडून ऐकला आणि नंतर जुन्या सरकारी कागदांत वाचला तेव्हा अंगावर काटा आला. पीक शेतात उभं असतानाच खोताचा माणूस बांधावरून चालत जाणार आणि नजरेने सांगणार, या खाचरात दोन खंडी, त्या खाचरात दीड. तो आकडा पडला की त्याच्या निम्मं खोताचं. मग कापणीआधी परतीचा पाऊस कोसळला, भात आडवं झालं, लोंबीला मोड आले, तरी आकडा आकडाच राहायचा. आजी सांगायची, “अभावनीला मानूस आला की आमचा बापूस टोपी काढून बांदावर हुबा ऱ्हायचा. बोलायचा न्हाय. आमी पोरं पण बोलायचो न्हाय. तो काय आकडा सांगतो त्याच्याकडं नुसतं बघत ऱ्हायाचं.” ती हे सांगताना स्वतःही उभी राहायची, नकळत, आणि तिचा उजवा हात डोक्याकडे जायचा.

इंग्रज कोकणात आले तेव्हा त्यांना हा खोत नीट उमगलाच नाही. देशावर त्यांनी रयतवारी आणली, शेतकऱ्याशी सरळ बंदोबस्त. कोकणात मध्ये हा माणूस. तो जमिनीचा मालक आहे, की नुसता सारा गोळा करणारा वतनदार? एकोणिसाव्या शतकाची मधली तीस-चाळीस वर्षं या एका प्रश्नावर पाहण्या, अहवाल, तक्रारी यांत गेली. १८५१ मध्ये विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याने रत्नागिरीच्या खोतीवर लिहिलं. १८६५ चा मोजणी-जमाबंदीचा कायदा आला. मोजणीदारांनी कुळांना हक्क लिहून द्यायला सुरुवात केली तशी खोत खवळले, हे आमच्या मालकीवर अतिक्रमण आहे म्हणाले. प्रकरण इतकं चिघळलं की शेवटी सरकारला खोतीपुरता वेगळा कायदा करावा लागला: १८८० चा पहिला कायदा, खोती सेटलमेंट ॲक्ट.

त्या वेळी खोतांच्या बाजूने सर्वांत वजनदार आवाज कुणाचा होता? मंडलिकांचा. ते स्वतः खोत घराण्यातले, हायकोर्टाचे नामांकित वकील, आणि कायदेमंडळाच्या खुर्चीपर्यंत पोचलेले.

त्यांच्या लेखांचा आणि भाषणांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्यांच्यामागे, १८९६ मध्ये, निघाला. मी त्याची स्कॅन केलेली पानं छापून घेतली आहेत आणि दोन फायलींत लावून ठेवली आहेत. खोतीवरचं त्यांचं म्हणणं मी कितीदा वाचलं असेल, सांगता यायचं नाही. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की खोती हे वतन आहे, वंशपरंपरेने आलेली मालमत्ता आहे, आणि सरकारला मनात आलं म्हणून कुणाची मालमत्ता कागदाच्या एका फटक्यात कमी करता येणार नाही. परक्या सरकारच्या तोंडावर, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सभेत, हे बोलायला छाती लागते. वकील म्हणून मी वाचते तेव्हा मान डोलवते. मांडणी चोख आहे. जुन्या दस्तांचा आधार आहे. सरकारच्या हडेलहप्पीला कायद्याने अडवणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि तेच पान मी कुळाची नात म्हणून वाचते तेव्हा मला दिसतो तो बांधावर टोपी काढून उभा राहिलेला माणूस. तो या सभागृहात कुठेच नाही. तिथे सरकार आहे आणि खोत आहे. कुळाच्या वतीने बोलतो तो इंग्रज अधिकारी, कारण त्याला खोताला वेसण घालायची आहे. देशाच्या वतीने बोलतो तो खोत. ज्याच्या भाताच्या राशीवरून हा सगळा वाद, त्याला इंग्रजी येत नाही, मराठी लिहिता येत नाही आणि मुंबईला त्याने पाहिली असेल ती गोदीत, पाठीवर गोणी घेऊन.

१८८० च्या कायद्याने कुळांना काहीच दिलं नाही असं नाही. ठरावीक वर्षांची सलग वहिवाट दाखवता आली तर कूळ कायम ठरू लागलं, त्याचं देणं नोंदीला लागलं. बोटखतात, म्हणजे गावाच्या नोंदीच्या कागदात, नावं चढली. पण त्याच कायद्यात एक कलम आहे, त्याच्यावर माझं बोट नेहमी अडकतं. कायम कुळाचा हक्क वारसांकडे जाईल, मात्र खोताच्या संमतीवाचून तो दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. म्हणजे मुलीच्या लग्नाला, दुखण्याखुपण्याला, पणजोबांना जमिनीचा तुकडा गहाण टाकायचा तर आधी खोताच्या पडवीत जाऊन उभं राहायचं. आयुष्यभराचा अपमान असा एखाद्या कलमात मावतो. मी रोज कलमं वाचते, मला ते ठाऊक आहे.

१८८० हे साल मंडलिकांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने मोठं. याच वर्षी त्यांचा नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या हिंदू कायद्यावरच्या ग्रंथाचा आणि याज्ञवल्क्य स्मृतीचा इंग्रजी अनुवाद निघाला. हाच तो ग्रंथ, ज्याच्या तळटिपा मी कॉलेजात पाठ केल्या. मुंबई बेट, गुजरात, उत्तर कोकण इथे मयूखाचा शब्द मिताक्षरा या दुसऱ्या प्रमाणग्रंथाच्याही वर मानला जाई, आणि न्यायाधीशांना संस्कृत येत नसे. त्यामुळे कुणीतरी तो नीट उलगडून देणं फार मोलाचं होतं. एका माणसाच्या मेजावर एकाच वेळी एका बाजूला सतराव्या शतकातला नीलकंठ आणि दुसऱ्या बाजूला दापोलीच्या खाचरांचा हिशेब. पुढे १८८६ मध्ये त्यांनी मनुस्मृतीची अनेक टीकांसह मोठी आवृत्ती काढली. आजही अभ्यासक ती उघडतात.

इथे मला आमच्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. दापोलीच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की पश्चिमेला मुरूड, मंडलिकांचं आणि महर्षी कर्व्यांचं. तालुक्यातच चिखलगाव, जिथे टिळकांच्या घराण्याची खोती. पलीकडे पालगड, साने गुरुजींचं. त्यांचं घराणंही खोतांचं, गुरुजी जन्मले तोवर वैभव ओसरत आलेलं. आणि शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. रामजी सुभेदार पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं कुटुंबाला घेऊन दापोलीतच राहिले. मंडलिक वारले त्यानंतर दोन वर्षांनी बाबासाहेब जन्मले. दापोलीच्या त्याच लाल मातीत लहानगा भीम चालला, जिच्यावरून मुंबईच्या सभागृहात इतकी भाषणं झाली होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि तिची छापील आवृत्ती तयार करणारा आमचाच शेजारी होता, हे दोन्ही मला एकाच श्वासात आठवतं. मला त्यातलं एकही विसरायचं नाही.

१७ सप्टेंबर १९३७. मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मी ते नीट वाचलं आहे. खोताला भरपाई द्यायची आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करायचं, असा त्याचा गाभा. त्यात सूड नाही. ज्या खोतांनी पिढ्यानपिढ्या अर्धा वाटा उचलला त्यांना भरपाई देण्याची तरतूद पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रागच आला होता. आता वाटतं, मालमत्ता कायद्याने काढून घ्यायची तर ती अशी घ्यावी, हे मंडलिकांनाही मान्य करावं लागलं असतं. पुढच्या जानेवारीच्या १० तारखेला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. शेतकऱ्यांच्या तोंडी तोवर चरीचं नाव होतंच. अलिबागजवळच्या त्या गावात आणि आसपास नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं कसली नाहीत. सहा वर्षं. भाताचं एक वर्ष हुकलं तरी आमच्या घरात मुलं उपाशी निजायची, म्हणून या आकड्यावर मी नेहमी थबकते.

विधेयक पास झालं नाही. खोती रद्द करण्याचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. मग कुळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, जमीन कसेल त्याची. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव लागलं. आजोबा तेव्हा मुंबईला गिरणीत होते. आजी सांगायची, तलाठ्याने नाव वाचून दाखवलं तेव्हा तिला ते ओळखूच आलं नाही, कारण गावात त्यांना कुणी पूर्ण नावाने हाक मारलीच नव्हती. ती घरी आली, खळं सारवलं आणि त्या वर्षीचं भात पुन्हा एकदा मोजलं. मोजायची काही गरज नव्हती. “निम्मं कुनाला द्यायचं न्हवतं ना, म्हनून मोजलं,” एवढंच म्हणायची.

मंडलिकांविषयी काय म्हणायचं, हे मला माझ्या अशिलांसारखं सरळ हो किंवा नाहीत सांगता येत नाही. ते लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं लिखाण वाचून तसं वाटतही नाही. खोती ही आपली मालमत्ता आहे हे त्यांना खरंच वाटत होतं, आणि परक्या सरकारने कुणाच्या मालमत्तेला हात लावू नये हेही खरंच वाटत होतं. आपल्याकडे इंग्रजांपुढे ताठ उभं राहणाऱ्या पहिल्या पिढीतले बरेच जण असेच होते. घरी वतन, इनाम नाहीतर खोती. त्या उत्पन्नावर शिक्षण झालेलं, त्या शिक्षणावर वकिली, आणि वकिलीवर कायदेमंडळ. ताठ उभं राहायला जे बळ लागतं ते कुणाच्या तरी अर्धेलातून आलेलं होतं. मंडलिकांच्या भाषणांतला स्वाभिमान खरा आहे. त्या स्वाभिमानाचं भात आमच्या खाचरांसारख्या खाचरांत पिकलं, हेही खरं आहे. इतिहासाच्या शाळेच्या पुस्तकात पहिली गोष्ट असते. दुसरी आमच्या आजीच्या मापात होती आणि ती गेल्यावर ते मापही कुणीतरी जुन्या भांड्यांत घातलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या गणपतीत गावी गेले होते. बाबा आता ऐंशीला टेकलेत. दुपारी पडवीत त्यांना जरा निवांत बघून मी फाईल काढली आणि मंडलिकांचं खोतीवरचं म्हणणं मराठी करून वाचून दाखवायला लागले. बाहेर पाऊस धरून होता, समोरच्या खाचरातलं भात निसवायला आलेलं. बाबा पाय पसरून, डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली असेल. मध्येच त्यांनी विचारलं, “यात आपल्या बाजूने कोण बोललं?”

मी म्हटलं, “इथे कोणी नाही, बाबा. ते पुढे, सदतीस साली.”

“त्या आधी कोणीच नाही?”

“मंडलिकांच्या सभागृहात तरी नाही.”

बाबा बराच वेळ पावसाकडे बघत राहिले. मी फाईल बंद करायला लागले तसा त्यांनी हात केला.

“बंद नको करू. वाच. त्यांचं म्हणणं काय होतं ते पुरतं कळू दे.”

मी पुढचं पान काढलं.